वेढ्यांचा हिशेब आणि तारेचा ताण

विद्युतरोधक लेप चढवलेली तांब्याची तार एखाद्या साच्याभोवती ठरलेल्या संख्येने, एकाला एक लागून आणि सारख्या ताणाने गुंडाळली असता जी वस्तू तयार होते तिला कारागिरांच्या भाषेत कॉइल म्हणतात; तिच्या लांबट, मळसूत्रासारख्या रूपाला शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत नालकुंतल असे नाव आहे. पंखा, पाण्याची मोटार, मिक्सर, दाराची घंटा, लाउडस्पीकर आणि रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर या सर्वांच्या पोटात कॉइल असते, आणि कॉइल म्हणजे शेवटी मोजून घातलेले वेढे असल्यामुळे मोजणी चुकली की उपकरणाचा स्वभावच बदलतो. हे वेढे घालणारे, संगणकाच्या आज्ञेवर चालणारे यंत्र आज बाजारात सुट्या मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक किटमधून घरच्या टेबलावर उभे करता येते. ते उभे करू लागले की वाइंडिंग करणाऱ्या कारागिराच्या कामातले निव्वळ अंकगणित कोणते आणि बोटांचे कसब कोणते, हे आपोआप वेगळे होऊन समोर येते. अंकगणित किटमधली नियंत्रक पाटी चुटकीसरशी करते, आणि यंत्र बनवणाऱ्याचे बहुतेक दिवस उरलेल्या गोष्टीमागे जातात.

या विषयाचा विचार नाशिकच्या द्वारका चौकात उभे राहून करणे सोयीचे आहे. श्रीकृष्णाच्या नगरीचे नाव मिरवणाऱ्या या चौकात समुद्र नाही, मुंबई–आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता यांची गाठ आहे, आणि दोन्ही रस्ते तांब्याच्या तारेशी फार जवळचे नाते ठेवून आहेत. मुंबईच्या बाजूला अंबड, त्र्यंबक रस्त्यावर सातपूर आणि पुण्याच्या रस्त्यावर सिन्नर अशा औद्योगिक वसाहतींनी नाशिक वेढलेले असून, एबीबी, सीमेन्स, क्रॉम्प्टन यांसारख्या विद्युत उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान कारखाने येथे वाढले. कारखान्यांतल्या कॉन्टॅक्टरमध्ये, रिलेमध्ये, मापनासाठीच्या रोहित्रांत, जिथे तिथे कॉइल असतेच. दुसरीकडे निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतली द्राक्षे, कांदा आणि भाजीपाला विजेच्या पंपांवर उभा आहे, आणि पंप आला की जळालेली मोटारही आली.

मोटार जळते म्हणजे तिच्या तारेवरचा लेप जळतो. तीन फेजच्या मोटारीची ओढण्याची ताकद तिला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी-जास्त होते, म्हणजे व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले तर ताकद ६४ टक्के उरते. पाण्याचे ओझे मात्र तेवढेच असल्याने मोटार जास्त विद्युतप्रवाह खेचते आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता वाढत जाते. तीनपैकी एक फेज गेला तर हेच संकट काही मिनिटांत येते. लेपांना त्यांच्या उष्णता सोसण्याच्या मर्यादेनुसार वर्ग दिलेले असतात, जसे की बी वर्ग १३० अंश सेल्सिअस आणि एफ वर्ग १५५ अंश सेल्सिअस, आणि मर्यादेपलीकडे साधारण दर दहा अंशांमागे लेपाचे आयुष्य निम्मे होते असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. लेप गेला की शेजारचे वेढे एकमेकांना टेकतात, आणि मग ती मोटार ‘भरायला’ टाकावी लागते.

हे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. येवल्याचा पैठणी विणकर बाण्याच्या धाग्याची कांडी भरतो, मालेगावच्या यंत्रमागांवर तेच काम यंत्र करते, घरातल्या शिलाई मशीनची बॉबिनही भरलीच जाते, आणि वाइंडिंगवाला मोटार भरतो. सूत असो की तांबे, फिरत्या साच्यावर एक लांब, नाजूक वस्तू नीट रचून बसवण्याचा प्रश्न एकच आहे, आणि धागा कांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे नेऊन परत आणण्याची यंत्रे वस्त्रोद्योगाने विद्युतयुगाच्या कितीतरी आधी बनवली होती. मायकेल फॅरडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी ज्या लोखंडी कड्यावर विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे एका कॉइलमधल्या प्रवाहाच्या बदलाने दुसऱ्या कॉइलमध्ये वीज उत्पन्न होणे, पाहिले, त्या कड्यावरचे वेढेही सुती दोरा आणि कापड यांनीच एकमेकांपासून वेगळे ठेवलेले होते. लेप दिलेली तार नंतरची. वस्त्र आणि वीज यांची सोयरीक जुनी आहे.

रिवायंडिंगच्या दुकानात आजही दिसणारे साधे यंत्र म्हणजे एक दांडा, त्यावर बसवलेला लाकडी किंवा फायबरचा साचा, ज्याला फॉर्मा म्हणतात, फिरवायला हँडल आणि वेढे मोजणारा यांत्रिक काउंटर. डाव्या हाताच्या चिमटीत कापडाच्या घडीतून तार सोडायची, उजव्या हाताने हँडल फिरवायचे आणि नजर काउंटरवर ठेवायची, अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे. मोटारीच्या खाचांत बसणाऱ्या जाड तारेच्या कॉइलला वेढे थोडे असतात आणि ते थोडे विस्कटले तरी चालते. लहान रोहित्राची गोष्ट वेगळी, आणि घरगुती यंत्राची खरी गरज तिथे भासते.

एक नेहमीचे उदाहरण घेता येईल. घरच्या विजेचे २३० व्होल्ट उतरवून १२ व्होल्ट देणाऱ्या लहान रोहित्राचा मधला लोखंडी गाभा २५ मिलिमीटर लांब-रुंद चौकोनाचा असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सव्वासहा चौरस सेंटिमीटर भरते. चुंबकीय घनता एक टेस्ला धरली आणि विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असली, तर ४.४४ गुणिले वारंवारता गुणिले घनता गुणिले क्षेत्रफळ या सूत्राने प्रत्येक वेढ्यामागे सुमारे ०.१४ व्होल्ट मिळतात, म्हणजे एका व्होल्टला सुमारे ७.२ वेढे लागतात. यावरून २३० व्होल्टच्या प्राथमिक कॉइलला सुमारे १,६५७ आणि १२ व्होल्टच्या दुय्यम कॉइलला, तारेतली घट भरून काढण्यासाठी थोडे वाढवून, नव्वदच्या पुढे वेढे घालावे लागतात. प्राथमिक कॉइलला ३३ गेजची तार पुरते. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक. ब्रिटनमध्ये १८८४ साली कायदेशीर झालेले हे माप आपल्या दुकानांत अजून चालते, आणि त्यात क्रमांक वाढला की तार बारीक होते. ३३ गेजची उघडी तार ०.२५४ मिलिमीटर व्यासाची असून लेपासह ती सुमारे ०.२८ मिलिमीटर होते. प्लास्टिकच्या बॉबिनची आतली रुंदी ३५ मिलिमीटर असेल तर एका थरात १२५ वेढे मावतात, आणि तेरा थर पूर्ण भरून चौदाव्यात बत्तीस वेढे उरतात.

सोळाशे सत्तावन्न वेढे हाताने घालणारा माणूस मध्ये एकदा तरी दाराशी कोण आले ते पाहतो. वीस वेढे कमी पडले तर दुय्यम बाजूचे व्होल्टेज एखाद्या टक्क्याने बदलते आणि ते सहसा खपून जाते. विस्कटलेला थर मात्र खपत नाही. शेजारच्या दोन वेढ्यांत ०.१४ व्होल्टचाच फरक असला तरी एकावर एक आलेल्या दोन थरांच्या मोकळ्या टोकांत अडीचशे वेढ्यांचा, म्हणजे सुमारे ३५ व्होल्टचा फरक असतो; बॉबिनच्या कडेला फट राहून वरच्या थरातली तार घसरून चार-पाच थर खाली गेली तर ती सत्तर ते शंभर व्होल्टच्या फरकाने परक्या तारेला चिकटून बसते. लेपाला तिथे ओरखडा असेल तर मधले वेढे आपसांत जोडले जातात, त्या बंद कड्यातून प्रचंड प्रवाह फिरू लागतो आणि रोहित्र धुराने आपली तक्रार नोंदवते. शिवाय तारा एकमेकींवरून तिरप्या गेल्या की कॉइल फुगते आणि ई व आय आकाराचे लोखंडी पत्रे, ज्यांना बाजारात स्टॅम्पिंग म्हणतात, तिच्याभोवती बसत नाहीत. गोल तारा एकावर एक सरळ रचल्या तर जागेचा ७८.५ टक्के भाग भरतो आणि खालच्या दोन तारांच्या खळगीत वरची तार बसवत गेले तर ९०.७ टक्के भरतो. संत्री रचणाऱ्या फळविक्रेत्याला हे भूमितीशिवाय कळते.

यावरून यंत्राचे काम ठरते: बॉबिन एकदा फिरली की तार सोडणारी वाटाडी, म्हणजे मार्गदर्शक कप्पी, बरोबर ०.२८ मिलिमीटर सरकली पाहिजे आणि थर संपला की तिने उलट्या दिशेने वळले पाहिजे. पूर्वीची कारखानी यंत्रे हे काम दातेरी चाकांच्या जोड्यांनी करत आणि तारेची जाडी बदलली की चाके बदलावी लागत. संगणक-नियंत्रित यंत्रात त्या चाकांची जागा संख्या घेते. त्यासाठी लागणारे सामान म्हणजे अर्डुइनो नावाची नियंत्रक पाटी, तिच्यावर बसणारी सीएनसी शील्ड, दोन मोटार-चालक चिपा, दोन स्टेपर मोटारी, एक मळसूत्री दांडा, बारा किंवा चोवीस व्होल्टचा वीजपुरवठा आणि आकडे दाखवणारा छोटा पडदा. अर्डुइनो हा प्रकल्प २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावी विद्यार्थ्यांसाठी सुरू झाला आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवल्यामुळे त्याच्या स्वस्त प्रती जगभर निघाल्या. द्वारकेहून एक रस्ता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला आणि दुसरा पुण्याच्या तपकीर गल्लीला जातो, आणि या दोन बाजारांत यांतले बहुतेक सामान मिळते. हल्ली ते घरपोचही येते, पण दुकानदाराशी हुज्जत घालून मिळणारे ज्ञान घरपोच येत नाही.

स्टेपर मोटार ही साध्या मोटारीसारखी सलग फिरत नाही. तिला विजेचा एक ठोका दिला की ती एक पाऊल टाकते आणि थांबते. प्रचलित मोटारीचे एक पाऊल १.८ अंशांचे असते, म्हणजे एका फेऱ्याला २०० पावले होतात, आणि चालक चिप प्रत्येक पावलाचे सोळा भाग करू शकत असल्याने एका फेऱ्याला ३,२०० सूक्ष्म पावले मिळतात. मळसूत्री दांड्याच्या एका फेऱ्यात त्यावरचा नट आठ मिलिमीटर सरकत असेल तर एका मिलिमीटरला ४०० सूक्ष्म पावले होतात आणि ०.२८ मिलिमीटरला बरोबर ११२. बॉबिनच्या मोटारीला ३,२०० ठोके जाईपर्यंत वाटाडीच्या मोटारीला ११२ ठोके सारख्या अंतराने वाटून द्यायचे, एवढीच पाटीची कामगिरी.

हिशेब असा पूर्णांकी मात्र क्वचितच सुटतो. तारेची खरी जाडी ०.२८१५ मिलिमीटर निघाली तर ११२.६ पावले हवीत, आणि अर्धवट पाऊल टाकता येत नाही. दर वेळी ११३ टाकली तर एका वेढ्यामागची चूक मिलिमीटरचा हजारावा भाग असते, पण १२५ वेढ्यांअखेर ती साचून जवळपास अर्ध्या तारेइतकी होते. यावरचा उपाय प्राथमिक शाळेत शिकवलेला आहे: हातचा धरणे. उरलेला अपूर्णांक टाकून न देता पुढच्या वेढ्यात मिळवत गेले की चूक एका पावलापलीकडे कधी जात नाही. जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ साली आयबीएममध्ये, कागदावर रेषा काढणाऱ्या यंत्रासाठी, हातचा धरण्याची ही युक्ती फक्त बेरीज-वजाबाकी वापरून मांडली, आणि अशा पाट्यांवर सर्रास चालणारी ग्रबल ही खुली आज्ञावली आजही तिच्यावरच चालते. वेगाची घाई असणाऱ्याने येथे एक मर्यादा ओळखावी: मिनिटाला ३०० फेरे हवे असतील तर सेकंदाला १६,००० ठोके द्यावे लागतात, आणि साध्या अर्डुइनोवर ग्रबलचा दम तीस हजारांच्या आसपास संपतो. तीनशे फेऱ्यांच्या वेगाने आपली प्राथमिक कॉइल साडेपाच मिनिटांत भरते. त्याहून जास्त घाई घरी कोणाला असते?

जोडणीत दोन चुका हटकून होतात. चालक चिपेवरच्या बारीक स्क्रूने मोटारीला मिळणाऱ्या प्रवाहाची मर्यादा ठरवायची असते. ती न ठरवता वीज दिली तर चिप किंवा मोटार तापते, आणि वीज चालू असताना मोटारीची वायर काढली तर चिप निकामी होऊ शकते. दुसरी चूक विश्वासाची आहे. स्टेपर मोटारीवर भार जास्त पडला की ती पाऊल चुकते, आणि चुकल्याचे पाटीला कळत नाही. पडद्यावर १,६५७ झळकतात, बॉबिनवर मात्र कमी असतात. म्हणून दांड्यावर छोटे चुंबक चिकटवून त्याच्यासमोर हॉल संवेदक, म्हणजे चुंबक जवळ येताच विद्युतसंकेत देणारा तुकडा, बसवावा आणि प्रत्यक्ष फेरे त्याच्याकडून मोजून घ्यावेत. ठोके देणारा आणि मोजणारा वेगळा असावा, हे हिशेबनिसांना जुने ठाऊक आहे.

येथपर्यंतचा भाग दोन-चार संध्याकाळींचा आहे. खरे काम सुरू होते ते लोखंड आणि तांबे यांच्याशी गाठ पडल्यावर. मळसूत्रावरच्या नटात थोडा ‘प्ले’, म्हणजे सैलपणा, असतोच. वाटाडी थराच्या शेवटी उलटी फिरते तेव्हा हा सैलपणा भरून निघेपर्यंत दांडा फिरतो पण वाटाडी हलत नाही, आणि कडेला नेमके एकावर एक वेढे चढतात. स्प्रिंगने ताणलेला दुहेरी नट हा त्यावरचा उपाय आहे. वाटाडी, बॉबिन धरणारे शंकू, संवेदकाची खुंटी असे तुकडे घरी कापता येतात किंवा त्रिमितीय छपाईने बनवता येतात. द्वारकेहून निघालेल्या पुणे रस्त्यावर राजगुरुनगरला वळून पाबळला जाता येते; डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर काढलेला आराखडा प्रत्यक्ष वस्तूत उतरवणारी छोटी कार्यशाळा, उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबांमध्ये तिची गणना होते. हाताने काम करत शिकायचे हा तिथला मूळ विचार आहे, आणि वाइंडिंग यंत्रासारखी वस्तू त्या विचारात चपखल बसते: तिच्यात गणित, लोखंडकाम, वीज आणि आज्ञावली यांपैकी काहीही टाळता येत नाही.

आता ताण. ३३ गेजची मऊ तांब्याची तार सुमारे एक किलोच्या ओढीला तुटते, पण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच ती कायमची लांबू लागते. पाच टक्के लांबली तर तिचा छेदही तेवढाच घटतो आणि तिचा विद्युतरोध दहा टक्क्यांनी वाढतो, लेपाला सूक्ष्म चिरा पडतात ते वेगळेच. ४० गेजच्या तारेला ही सारी मर्यादा चौथ्या हिश्श्यावर येते. ताण कमी ठेवला तर वेढे सैल राहून वीज चालू होताच गुणगुणतात. म्हणून ३३ गेजला ताण पाव किलोच्या आत, आणि मुख्य म्हणजे एकसारखा हवा. आणि बॉबिन चौकोनी असते! चौकोन फिरताना तार कधी सपाट बाजूवर पडते, कधी कोपऱ्यावरून ओढली जाते, त्यामुळे एकाच फेऱ्यात तार ओढण्याचा वेग चार वेळा कमी-जास्त होतो, आणि हा फरक एकास १.४ इतका मोठा असतो. मिनिटाला तीनशे फेऱ्यांना हे सेकंदाला वीस झटके झाले. तारेचे जड रीळ तितक्या चपळाईने वेग बदलू शकत नाही. ते झटक्याला अडते आणि नंतर स्वतःच्या जोमात जास्त तार सोडून देते.

चिमटीत कापड धरणारी बोटे हे झटके नकळत पचवतात. यंत्रात त्यांच्या जागी तीन गोष्टी बसवाव्या लागतात. रीळ फिरू न देता उभे ठेवून तार त्याच्या डोक्यावरून, कोनावरून दोरा सुटतो तशी, सोडून घ्यावी. मग ती नमद्याच्या दोन चकत्यांमधून न्यावी, ज्यांना स्प्रिंगने कमी-जास्त दाबता येते. आणि शेवटी हलक्या स्प्रिंगवर डोलणाऱ्या दांडीच्या टोकावरच्या कप्पीवरून ती वाटाडीकडे जावी, म्हणजे तार ढिली पडली की दांडी वर उठते आणि ओढली गेली की खाली येते. दांडी जितकी हलकी तितकी ती बोटांच्या जवळ जाते. अनेक घरगुती यंत्रांत पडदा, कळपाट आणि रंगीत दिवे असतात आणि ही दांडी नसते. अशा यंत्राची कॉइल मोजणीत अचूक आणि हाताने भरलेल्या कॉइलपेक्षा वाईट निघते. पैसे कमी असतील तर पडदा सोडावा, दांडी सोडू नये.

थर संपला की यंत्राने थांबावे, म्हणजे विद्युतरोधक कागदाची पट्टी घालता येते. प्राथमिक आणि दुय्यम कॉइलमध्ये तर जाड रोधक असलाच पाहिजे, कारण तेथे घरची वीज आणि माणसाचा हात यांच्यामध्ये तेवढेच अंतर असते. भरलेली कॉइल पत्रे बसवल्यावर आधी सिरीज बल्बवर, म्हणजे तिच्या वाटेत दिवा जोडून तपासतात: दिवा मंद राहिला तर ठीक, प्रखर पेटला तर आत वेढे जोडले गेले आहेत. मग ५०० व्होल्टच्या मेगरने रोधकता पाहून वार्निश देतात. फिरत्या दांड्याजवळ सैल बाही नको, आणि तातडीने थांबवायची लाल कळ हाताशी हवी, कारण धावती बारीक तार बोट कापते.

मोटारीच्या बाबतीत हे यंत्र अर्ध्या वाटेपर्यंतच येते. विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपाच्या कॉइली ते फॉर्म्यावर मोजून देईल, जुन्या मोटारीतून मोजलेले वेढे आणि गेज वहीऐवजी स्मृतीत जपून ठेवील. त्या कॉइली स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या स्थिर भागाच्या, खाचांत कागद घालून दाबत बसवणे हाताचेच राहते. बोअरवेलच्या पाण्यात बुडणाऱ्या सबमर्सिबल मोटारीपुढे तर ते निरुपयोगी ठरते, कारण तिचा स्टेटर लांब व अरुंद असून तिच्या खाचा जवळपास बंद असतात, आणि प्लास्टिकचे आवरण असलेली तार एकेका खाचेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घ्यावी लागते. त्या पद्धतीत खाच आधी तारेच्याच जाडीच्या सळ्यांनी भरून ठेवतात आणि एक सळी काढून तिच्या जागी एक तार ओढतात. जितके वेढे तितक्या सळ्या. सळ्या संपल्या की खाच भरली, काउंटर लागतच नाही.